परवान्याची वस्तू

गुरुवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा मंदाकिनीबाई वाळिंबे मेथी निवडत होत्या. पलीकडून पोलीस ठाण्यातले कुणी हवालदार बोलत होते. वाळिंबेसाहेब आहेत का, असं त्यांनी विचारलं. महापालिकेची निवडणूक लागली आहे, आचारसंहिता सुरू झाली आहे, परवानाधारकांनी आपापली हत्यारं शनिवारी दुपारपर्यंत ठाण्यात जमा करायची आहेत, साहेबांची दुनळी यादीत आहे पण अजून आलेली नाही, तेव्हा जरा त्यांना फोन द्या, म्हणाले.

समोरच्या भिंतीवर गोपाळकृष्ण वाळिंबे चंदनाचा हार घालून बसले होते. त्यांना जाऊन अकरा महिने झाले होते.

"ते बाहेर गेलेत," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी हजारदा तरी म्हटलं असेल. वर्गणीवाले, विमा एजंट, सोसायटीचे सेक्रेटरी, कुणीही दारात आलं की गोपाळकृष्ण आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरत आणि बाई दार अडवून 'ते बाहेर गेलेत' म्हणत. जिभेला वळणच पडलं होतं. माणूस घाबरला की त्याची जीभ जुन्या वाटेनं जाते. हवालदार 'बरं, आले की सांगा' म्हणाले आणि फोन ठेवून मोकळे झाले. मंदाकिनीबाईंच्या हातातली मेथीची जुडी मात्र बराच वेळ हातातच राहिली. आपण पोलिसांशी खोटं बोललो, तेही मेलेल्या माणसाबद्दल, हे त्यांना हळूहळू कळत गेलं.

दुनळी घरातच होती. आतल्या खोलीच्या लाकडी कपाटात, गोपाळकृष्णांच्या लोकरी कोटामागे, कोपऱ्याला टेकून उभी.

ती या घरात आली कशी, हे सांगितलं पाहिजे. शनिवार पेठेतल्या पाटबंधारे खात्याच्या कारकुनाला बंदूक कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. गोपाळकृष्णांच्या वडिलांची वेल्ह्याकडे जमीन होती, आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून त्यांनी बंदुकीचा परवाना काढला होता. जमीन कुळकायद्यात गेली. डुकरंही कुळांच्या वाट्याला गेली. बंदूक तेवढी वाळिंब्यांकडे राहिली. वडील गेल्यावर गोपाळकृष्णांनी रीतसर अर्ज करून परवाना आपल्या नावावर करून घेतला. त्या एका कागदासाठी ते वर्षभर कचेरीच्या पायऱ्या चढले, आणि त्यानंतर ती बंदूक एकदाही उडवली नाही.

"रिकामी आहे," असं ते सगळ्यांना सांगत. बायकोला, मुलीला, पाहुण्यांना. "परवान्याची वस्तू आहे. घाबरायचं काय त्यात?"

मंदाकिनीबाई घाबरत. नव्या नवरीला पहिल्याच दसऱ्याला सासऱ्यांनी ती हातात धरायला लावली होती, तेव्हापासून घाबरत. खंडेनवमीला घरात जी काही हत्यारं, अवजारं असतील ती पाटावर मांडून पुजायची, ही घरोघरची रीत. कुणी पोथ्या ठेवतं, कुणी स्क्रू-ड्रायव्हर. वाळिंब्यांच्या पाटावर मधोमध दुनळी असे, आणि तिच्या कडेला अंग चोरून मंदाकिनीबाईंची कात्री आणि टेप. मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं त्यांनी शिवण शिकवलं होतं. बंदुकीला दर दोन-तीन वर्षांनी जाड गादीपाटाची नवी गवसणी शिवायचं काम अर्थातच त्यांच्याकडे होतं. ती शिवताना कसं मोजायचं, तर गोपाळकृष्ण बंदूक उभी धरत आणि बाई टेप लावत. टेप नळ्यांच्या तोंडापर्यंत नेताना त्या नेहमी श्वास रोखत.

गोपाळकृष्ण वाईट होते असं कुणी म्हणणार नाही. दारू नाही, तंबाखू नाही, उधारी नाही. त्यांना एकच व्यसन होतं, आणि ते म्हणजे सार्वजनिक उपद्रव. कुणी कचरा जाळला, पहाटे फटाके लावले, वरच्या मजल्यावरच्या ओल्या साडीचं पाणी खालच्या गॅलरीत टपकलं, की यांचा अर्ज तयार. दोनशे अडुसष्ट आणि दोनशे नव्वद ही दोन कलमं त्यांना रामरक्षेसारखी पाठ होती. कायदे बदलले आणि त्या कलमांचे आकडे दोनशे सत्तर आणि दोनशे ब्याण्णव झाले, तेव्हा हा माणूस दोन दिवस जेवताना बोलला नाही. इमारतीतली माणसं त्यांचं ऐकतही. पेठेत कुणी कुणाचं ऐकत नाही, पण वाळिंबेकाकांचं ऐकत. काकांचा कायद्याचा अभ्यास दांडगा आहे, असं म्हणत.

खरं काय ते मंदाकिनीबाईंनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. तळमजल्यावरचा शौनक, ज्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तो ढोल-ताशा पथक चालवतो. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने मागच्या मोकळ्या प्लॉटवर सराव चालतो. रात्री नऊला थांबायचं असं ठरलेलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नऊचे साडेनऊ झाले. गोपाळकृष्ण उठले. त्यांनी ना आवाज चढवला, ना अर्ज लिहायला घेतला. गॅलरीत पेपर अंथरला, खुर्ची टाकली, दिवा लावला आणि दुनळी मांडीवर घेऊन मऊ फडक्यानं पुसायला लागले. दोनच मिनिटांत एक ढोल थांबला, मग दुसरा, मग सगळे. बाई आतून म्हणाल्या, "अहो, हे काय?" तेव्हा ते म्हणाले, "माझ्या घरात माझी परवान्याची वस्तू पुसतो आहे. सांग, कुठलं कलम लागतं?"

कलम नव्हतंच. आणि मंदाकिनीबाईंना ते पुसणं नवीनही नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर शिवणाचा खाजगी वर्ग काढते म्हणाल्या, त्या दिवशी गोपाळकृष्णांनी बंदूक पुसायला काढली होती. लेकीनं, अपूर्वानं, अनिरुद्धशी लग्न ठरवलं असं सांगितलं त्या दिवशीही काढली होती. त्यांनी बायकोवर कधी हात उगारला नाही, हे ते अभिमानानं सांगत आणि ते खरंही होतं. फक्त वाद सुरू झाला की कपाटाचं दार करकरे, पेपर अंथरला जाई, तेलाचा वास सुटे, आणि मंदाकिनीबाईंचं म्हणणं घशातच राही. शिवणाचा वर्ग निघाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग नवरा गेल्यावर ती पीडा पहिल्यांदा घराबाहेर का नाही काढली? बाईंनी स्वतःलाही हे शंभरदा विचारलं होतं. तेराव्याच्या दिवशी निघताना अपूर्वानं दारातच विचारलं होतं, "आई, ती जमा केलीस ना?" आणि मंदाकिनीबाई सरळ 'हो' म्हणाल्या होत्या. पोलीस ठाण्याची पायरी चढायचीच त्यांना भीती वाटे. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता महिने गेले, आणि जितके महिने गेले तितकं जाणं अवघड झालं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि तिची त्यांना लाज वाटे. एकट्या बाईच्या घरात बंदूक आहे, हे लोकांना माहीत असलेलं बरं, असं कुठेतरी त्यांना वाटत होतं. ज्या भीतीखाली त्या स्वतः वाकून राहिल्या, तीच आता दाराला कडी म्हणून त्यांना हवीशी वाटली होती. यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी एकटीनं ती काढली, पाटावर ठेवली, दस्त्याला हळदकुंकवाची बोटं लावली, चापाच्या कडीला झेंडूची माळ बांधली आणि वाकून नमस्कार केला. नाही केलं तर काहीतरी होईल, अशी भीती वाटली म्हणून केलं.

गुरुवारी दुपारी त्यांनी कपाटातून परवान्याची वही काढली आणि चष्मा लावून मागच्या अटी वाचल्या. परवानाधारक मरण पावल्यास हत्यार विनाविलंब जमा करावं, असं तिथे स्पष्ट छापलं होतं. अकरा महिन्यांना विनाविलंब म्हणत नाहीत, एवढं शिवणाच्या बाईंनाही कळत होतं. विनापरवाना हत्यार बाळगणं हा गुन्हा. ते घेऊन रस्त्यानं जाणं हाही गुन्हाच. म्हणजे ठेवावी तर गुन्हा, न्यावी तर गुन्हा. इकडे आड तिकडे विहीर. सत्तराव्या वर्षी आपल्याला पोलीस जीपमध्ये बसवून नेताहेत, समोरच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या आहेत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. अपूर्वाला वाघोलीला फोन लावावा म्हणून तीनदा मोबाइल हातात घेतला आणि तीनदा ठेवला. तिला सांगायचं म्हणजे आधी तेराव्याचं ते 'हो' निस्तरायचं.

अपूर्वाचं आणि त्यांचं तसं एका गोष्टीवरून आत कुठेतरी बिनसलेलंच होतं. अपूर्वानं आपल्या लेकीला, वल्लरीला, एकदाही आजोळी मुक्कामाला ठेवलं नव्हतं. दिवसभर यायची, जेवायची, आणि दिवेलागणीला अपूर्वा तिला उचलून घेऊन जायची. दिवसभरही वल्लरी आतल्या खोलीत गेली की ही मागे उभी. वाघोलीचे चौदाव्या मजल्यावरचे फ्लॅट पाहिलेल्यांना आमची दोन खोल्यांची जागा कशी आवडेल, असा टोमणा बाईंनी एकदा मारला होता. अपूर्वा काहीच बोलली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दारावर टकटक झाली. मंदाकिनीबाईंनी आधी भिंगातून पाहिलं. शौनक होता. पाव दार उघडलं तर तो आत न येता, आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, काकांची ती... अजून आहे का घरात?"

बाईंनी जिन्यात कुणी नाही ना, ते पाहिलं. कशाला विचारतोस, असं त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला की काल संध्याकाळी दुकानात एक हवालदार झेरॉक्सला आले होते. वाळिंबेसाहेब बाहेरून परत आले का, असं सहज विचारत होते. "मी बोललो, अहो काका तर जानेवारीतच एक्स्पायर झाले. ते एकदम माझ्याकडे बघायलाच लागले. काकू, मी काही चुकीचं बोललो का?"

चुकीचं काहीच बोलला नव्हता. मंदाकिनीबाई तिथेच, उंबऱ्यावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. मग सगळं त्याला सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि समोर शौनक होता. तो सहा फुटी, कमरेला दहा-बारा किलोचा ढोल बांधून चार तास नाचणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आत्ताच चला, मी सोडतो स्कूटरवर. बाईंनी आत जाऊन गवसणीसकट दुनळी आणली आणि त्याच्यापुढे धरली, तर तो दोन पायऱ्या खाली उतरला.

"नाही काकू. मी हात नाही लावणार तिला."

"तूही घाबरतोस?"

तो कसनुसा हसला. "तुम्हाला काय वाटलं, नऊ वाजता आम्ही ढोल का ठेवत होतो? कलमाला कोण घाबरतं हो?"

शेवटी असं ठरलं की बाईंनी रिक्षानं जायचं आणि शौनकनं स्कूटरवरून मागून यायचं. त्यानंच रिक्षा दारात आणली. मंदाकिनीबाईंनी जाण्याआधी देवापुढे दिवा लावला, नवऱ्याच्या फोटोकडे न पाहता चप्पल घातली, आणि परवान्याची वही पिशवीत टाकली. जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई भेटल्या. गवसणीकडे पाहून, "अगबाई, तंबोरा? या वयात गाणं का?" असं त्यांनी विचारलं. पेठेत चौकशीला वेळकाळ नसतो. मंदाकिनीबाई 'हो' म्हणाल्या. दोन दिवसांतलं हे दुसरं खोटं.

रिक्षात ती आडवी मावेना. मग त्यांनी ती दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली, दस्ता पावलांशी आणि नळ्या वर, गालाला लागून. पेठेतले रस्ते खोदून ठेवलेले. प्रत्येक खड्ड्याला दस्ता रिक्षाच्या पत्र्यावर आपटायचा आणि नळ्यांचं तोंड त्यांच्या हनुवटीला टेकायचं. गादीपाटाच्या कापडातूनही ते गार लागत होतं. चौकात ट्रॅफिक पोलीस दिसला तेव्हा त्यांनी गवसणी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, "आजी, सतार हाय का?" आजींनी डोळे उघडले नाहीत. रस्ता दहा मिनिटांचा होता. एवढी दहा मिनिटं त्यांनी बाळंतपणातही मोजली नव्हती.

ठाण्यात हवालदार भोईटे टेबलापाशी बसले होते. फोनवरचा आवाज त्यांचाच. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ढकललेला. कुणी बसा म्हणायच्या आत मंदाकिनीबाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की मी काल तुमच्याशी खोटं बोलले, माझे यजमान जानेवारीत वारले, ही त्यांची बंदूक, मला काय शिक्षा करायची ती करा.

भोईट्यांनी आधी पाणी मागवलं. मग म्हणाले की कळलं होतं आम्हाला. अशी प्रकरणं येतात, माणूस जातो आणि बंदूक माळ्यावर राहते. उशीर झाला आहे हे खरं, तेव्हा जबाब लिहून द्यावा लागेल, मृत्यूचा दाखला लागेल, आणि पुढे काय करायचं ते साहेब ठरवतील. "पण तुम्ही स्वतः आणून दिलीत ना आजी, ते बरं केलंत." मग ते वहीची पानं उलटत म्हणाले, "साहेबांना मी ओळखायचो. दर निवडणुकीला पहिल्या दिवशी हजर. मागच्या विधानसभेला मीच घेतली होती जमा, मीच परत दिली. पुसून लख्ख केलेली असायची. हत्यार ठेवावं तर वाळिंबेसाहेबांसारखं, असं आम्ही पोरांना सांगायचो."

मंदाकिनीबाईंना बरं वाटलं. भीतीची पकड जराशी सैल झाली. शौनक दाराशी उभा होता, त्याच्याकडे पाहून त्या किंचित हसल्यासुद्धा.

भोईट्यांनी गवसणीची नाडी सोडली. चापाच्या कडीला खंडेनवमीची माळ अजून तशीच होती, झेंडू वाळून काळपट पडलेला. ते हसले. माळ सोडवताना सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "रिकामी आहे ना?"

"रिकामीच असते," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

त्यांनी नळ्या जमिनीकडे केल्या, वरचा खटका अंगठ्यानं ढकलला आणि बंदूक मधोमध वाकवून उघडली. मग ते हललेच नाहीत. मान वर न करता, अगदी हळू आवाजात त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. शौनक बाहेर गेला. नखानं ओढून भोईट्यांनी एक काडतूस काढलं, टेबलावर उभं ठेवलं. मग दुसरं काढलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं.

"आजी, दोन्ही नळ्या भरलेल्या आहेत."

मंदाकिनीबाईंना आधी ते कळलं नाही. लाल पुठ्ठ्याची, पितळी बुडाची ती दोन काडतुसं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पोस्टातल्या शिक्क्याच्या मुठीएवढी होती. त्यांनी विचारलं की चुकून राहिली असतील का, त्यांना विसर पडला असेल का. भोईट्यांनी वहीतल्या नोंदीवर बोट ठेवलं. मग म्हणाले की गेल्या वर्षी नोव्हेंबरात इथून परत नेली तेव्हा रिकामी होती, माझीच सही आहे. म्हणजे घरी नेल्यावर भरली. आणि बंदूक पुसायची तर ती उघडावी लागते. पुसणाऱ्याला दिसल्याशिवाय राहत नाही.

बाईंच्या डोळ्यांपुढे गॅलरीतला तो दिवा आला. तो मऊ फडका आला. स्वयंपाकघराच्या दाराशी त्या उभ्या आहेत आणि ते न बोलता पुसताहेत, असे कितीतरी दिवस आले. पाटापुढे वाकलेलं आपलं डोकं आलं. गेल्या दहा मिनिटांतला प्रत्येक खड्डा आला. आपण भित्र्या आहोत, असं त्या जन्मभर समजत आल्या होत्या. नवराही तसंच म्हणे, मंदे, तू झुरळालाही घाबरतेस. त्यांना आता संताप आला, आणि संतापाच्या खालून पुन्हा भीतीच आली, आधीपेक्षा मोठी, कारण आता तिला कारण होतं.

जबाब लिहायला तासभर लागला. वारसाला हवी असेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो, हे त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं. बाई नको म्हणाल्या. पोच हातात दिल्यावर त्यांनी गवसणीही परत दिली. ती मुद्देमालात धरत नाहीत म्हणाले.

शौनकनं त्यांना स्कूटरवरून घरी आणून सोडलं. वर येऊन मंदाकिनीबाई आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटाचं दार उघडलं. लोकरी कोटामागचा कोपरा मोकळा होता. कपाटाला लागूनच लोखंडी खाट होती, लग्न होईपर्यंत अपूर्वा जिच्यावर झोपायची. त्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी वाघोलीला फोन लावला.

ऑफिसमध्ये होती बहुतेक, पण पहिल्याच रिंगला उचलला. मंदाकिनीबाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "अपूर्वा, तेराव्याला मी तुला खोटं सांगितलं. बंदूक घरातच होती. आज ठाण्यात देऊन आले. रिक्षानं नेली, एकटीनंच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"भरलेली रिक्षातून नेलीस तू, आई?"

मंदाकिनीबाईंनी मोबाइल कानाला दाबून धरला. भरलेली हा शब्द त्यांनी उच्चारलेलाच नव्हता.

"तुला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

अपूर्वा एखादं जुनं पाठांतर म्हणावं तसं सांगत गेली. ती पाचवीत होती. निवडणूक संपली होती, बाबा बंदूक ठाण्यातून घेऊन आले होते. ती या खाटेवर गृहपाठ करत होती. बाबांनी तिच्यासमोर कपाटातल्या कोटाच्या खिशातून दोन लाल नळकांडी काढली, आत घातली आणि खट्कन बंद केली. तिच्याकडे पाहून म्हणाले, आईला सांगायचं नाही, आई घाबरते. त्यानंतर दर निवडणुकीनंतर तेच. त्या खाटेवर ती रोज भिंतीकडे तोंड करून झोपायची. लग्न झाल्यावर सांगू म्हणाली, मग वाटलं आता सांगितलं तर आई त्या घरात झोपणार कशी.

"वल्लरीला मी कधी ठेवलं नाही," ती म्हणाली. "तुला वाटायचं मला घर लहान वाटतं."

मंदाकिनीबाईंनी खाटेवरच्या चादरीची सुरकुती हातानं सरळ केली. चौतीस वर्षं या दोन खोल्यांत दोन बायका एकाच गोष्टीला घाबरत राहिल्या होत्या, आणि एकमेकींना घाबरवायचं नाही म्हणून गप्प राहिल्या होत्या.

"उद्या वल्लरीला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "राहायला."

अपूर्वा हो म्हणाली. पण फोन ठेवण्याआधी थांबली, आणि पाचवीतल्या मुलीच्या आवाजात तिनं विचारलं, "आई, कोटाचे खिसे पाहिलेस का?"

मंदाकिनीबाई उठल्या. कोट कपाटात टांगलेला होता. त्याचा उजवा खिसा जरासा खाली ओघळलेला त्यांना आता दिसला, इतकी वर्षं रोज समोर असून कधी न दिसलेला. त्यांनी मोबाइल खाटेवर ठेवला आणि खिशात हात घालायला त्यांना फार वेळ लागला.